बाबांच्या शाळेच्या बिल्ल्यावरची ढाल: पक्षी, दोन प्राणी आणि हंडा. कुणी अर्थ सांगेल का?

शेवंती
नमस्कार मंडळी. कपाट आवरताना बाबांचा शाळेतला बिल्ला सापडला. पितळेचा, अंगठ्याच्या पेराएवढा, मागची पिन तुटलेली. जेझुइट, म्हणजे कॅथलिक चर्चमधल्या एका संघाच्या, फादर लोकांची मुलांची शाळा होती. शाळेचं नाव मुद्दाम देत नाही.

बिल्ल्यावर ढाल कोरलीय. सगळ्यात वर एक आडवा पट्टा, त्यात किरणांचा सूर्य, सूर्यात आय एच एस ही तीन अक्षरं आणि अक्षरांखाली तीन खिळ्यांसारखं काहीतरी. पट्ट्याखाली ढालीचे दोन उभे भाग केलेत. माझ्या डाव्या हाताला एक लांब मानेचा पक्षी घरट्यात बसलाय, चोच स्वतःच्याच छातीत खुपसलीय आणि खाली तीन पिल्लं आ वासून बसलीत. उजव्या हाताला दोन प्राणी, कुत्रे की कोल्हे कळत नाही, मागच्या पायांवर उभे राहून मधे साखळीने टांगलेल्या हंड्यात तोंड घालतायत. सगळ्यात खाली फीत आणि तीवर ए एम डी जी.

बाबांना विचारलं तर म्हणाले, अगं आम्ही दहा वर्षं रोज छातीवर लावला, पण कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. मला ते फार लागलं. सूर्य आणि अक्षरं धार्मिक असणार एवढं कळतं, पण हंड्यात तोंड घालणारे प्राणी धार्मिक शाळेच्या चिन्हात कशाला?

वाटसरू
बिल्ला रंगीत आहे का? रंगांवरून बरंच कळतं म्हणतात.

शेवंती
नाही, रंग अजिबात नाही, नुसतं पितळ. बारीक रेघा मात्र आहेत. पक्ष्याच्या मागे उभ्या, वरच्या पट्ट्यात आडव्या. प्राण्यांच्या मागे काहीच नाही, गुळगुळीत. बहुतेक पूर्वी रंग भरलेला असेल आणि तो धरून राहावा म्हणून ओरखडे काढले असतील.

पाखरू
पक्ष्याचं मी सांगते, माझा आवडता विषय. तो पेलिकन आहे. तुम्हाला ओळखू आला नाही कारण ढालींवरचा पेलिकन खऱ्या पेलिकनसारखा दिसतच नाही. चोचीखालची झोळी नसते, मान बगळ्याची आणि चोच गरुडाची. ज्यांनी काढला त्यांतल्या बहुतेकांनी पेलिकन पाहिलेलाच नसणार.

इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांत फिजिओलोगस नावाचा एक ग्रीक ग्रंथ झाला, त्यात प्राण्यांच्या गोष्टी आणि प्रत्येक गोष्टीचा ख्रिस्ती अर्थ. पेलिकनची गोष्ट अशी की पिल्लं मरतात, मग तिसऱ्या दिवशी आई चोचीने स्वतःची छाती फोडते, रक्त पिल्लांवर पडतं आणि ती जिवंत होतात. तीन दिवस, रक्त, पुन्हा जिवंत होणं, म्हणजे येशूची गोष्ट कुठून कशी जोडली ते दिसतंच. पुढे युरोपातल्या सगळ्या प्राणिकथांमध्ये ती गेली. ख्रिस्ती धर्मपंडित थॉमस अक्वायनसच्या नावावर असलेल्या एका लॅटिन स्तोत्रात तर येशूला थेट पेलिकन म्हणूनच हाक मारलीय.

खऱ्या पेलिकनकडे बघितलं तर गोष्ट कुठून सुचली असेल त्याचा अंदाज येतो. झोळी रिकामी करायची असली की तो चोच छातीवर दाबतो. आणि डाल्मेशियन पेलिकनची झोळी विणीच्या हंगामात लालभडक होते. लांबून बघणाऱ्याला छातीवर रक्तच वाटेल.

शेवंतीताई, भिंग असेल तर पक्ष्याच्या छातीवर थेंब आहेत का बघा. बहुतेक वेळा असतात.

शेवंती
बघितलं! आहेत. तीन बारीक उंचवटे, बोटाला लागतात. मला वाटलं धातू ओतताना राहिलेले दाणे. बाबांनाही आत्ताच दाखवले. किती वेळ अंगठा फिरवत बसले होते त्यावर.

धुळाक्षर
वाह. धागा आवडला.

मध्यमवर्गी
मी फादर लोकांच्याच शाळेत शिकलो, म्हणून वरच्या पट्ट्याचं. आय एच एस वर आमच्या वर्गात तीन पक्ष होते. एकाचं म्हणणं ते इंग्रजीतलं 'मी सोसलं' याचं लघुरूप, दुसऱ्याचं लॅटिनमधलं 'येशू, मानवांचा तारणहार', आणि तिसऱ्याला खेळायला जायची घाई. मूळ या दोन्हीत नाही. येशूचं नाव ग्रीकमध्ये लिहिलं की पहिली तीन अक्षरं आयोटा, ईटा, सिग्मा. मधलं ईटा दिसायला रोमन एच सारखं, म्हणून आय एच एस. लॅटिनवाला अर्थ नंतर बसवला, पण इतका चपखल बसला की आता तो चुकीचा म्हणणंही जिवावर येतं.

तीन खिळे क्रूसावरचे. सूर्यकिरणांत ही अक्षरं दाखवायची पद्धत १५व्या शतकात सिएनाच्या बर्नार्डिनो या फ्रान्सिस्कन साधूने लोकप्रिय केली, प्रवचनाला जाताना तशी पाटीच घेऊन जायचा. जेझुइट संघ स्थापन झाला १५४० मध्ये, आणि संस्थापक इग्नेशियस लोयोला प्रमुख झाल्यावर त्यांनी आपल्या शिक्क्यावर हीच अक्षरं घेतली. नव्या पोपची बातमी आली तेव्हा, २०१३ मध्ये, फ्रान्सिस यांच्या ढालीवर हाच सूर्य बघून मी घरात ओरडलो होतो, अरे हा आमच्या वहीवरचा!

ए एम डी जी म्हणजे 'आद मायोरेम देई ग्लोरियाम', देवाच्या अधिक मोठ्या गौरवासाठी. आम्हाला प्रत्येक निबंधाच्या माथ्यावर लिहायला लावायचे.

वाटसरू
'अधिक मोठ्या' का पण? नुसतं 'गौरवासाठी' का नाही?

मध्यमवर्गी
त्या एका शब्दावर आमच्या फादरांनी अख्खा तास घेतला होता वाटसरूदादा. दोन्ही पर्याय चांगले असतील तेव्हा जास्त भलं कशात आहे ते निवडायचं, असा तो तर-तम भाव. चांगलं आणि वाईट यात निवडणं त्या मानाने सोपं असतं.

अनवट
माझा सूर थोडा वेगळा लागणार आहे, आधीच माफी मागतो. ही चिन्हं 'वाचायची' असतात यावर माझा पूर्ण विश्वास नाही. ढालींवरची चित्रं युरोपात १२व्या शतकात सुरू झाली ती लढाईच्या आणि खेळाच्या मैदानात माणूस ओळखू यावा म्हणून. डोक्यावर लोखंडी शिरस्त्राण, चेहरा दिसत नाही, मग ढालीवर ठळक काहीतरी काढा. निळा म्हणजे निष्ठा, लाल म्हणजे शौर्य असले तक्ते पुष्कळ नंतर आले. वर मध्यमवर्गींनीच सांगितलं की आय एच एस ला नंतर अर्थ चिकटवला. मग बाकीच्यांनाही चिकटवलेलेच नसतील कशावरून?

पाखरू
पेलिकनचा अर्थ हेराल्ड्रीच्या, म्हणजे ढालींवरच्या चिन्हांच्या पद्धतीच्या, आधीचा आहे अनवट. तो ढालीवर आला तोच अर्थासकट. ऑक्सफर्डच्या कॉर्पस क्रिस्ती कॉलेजच्या ढालीवर पेलिकन आहे, स्थापना १५१७. कॉलेजचं नावच 'ख्रिस्ताचं शरीर', आणि चित्र स्वतःचं रक्त देणाऱ्या पक्ष्याचं. ही काही ओळख पटावी म्हणून काढलेली कुठलीही आकृती नव्हे, संस्थापकाने समजून उमजून निवडलीय.

अनवट
पेलिकनपुरतं मान्य. पण मग प्राणी आणि हंडा? त्याला कुठलं शास्त्रवचन लावणार?

नीरक्षीर
आता मला बोलायलाच हवं. ते प्राणी लांडगे आहेत, आणि अनवट अर्धे बरोबर आहेत.

स्पेनच्या बास्क भागात लोयोला नावाचं घराणं, त्यांच्या ढालीवर साखळीने टांगलेला हंडा आणि दोन बाजूंना दोन लांडगे. स्पॅनिशमध्ये लांडगा म्हणजे लोबो, हंडा म्हणजे ओया, आणि 'इ' म्हणजे आणि. लोबो-इ-ओया. भरभर म्हणून बघा, लोयोलाच्या जवळ जातं. नावावर कोटी करून चित्र काढायची ही पद्धत हेराल्ड्रीत भरपूर चालते. इग्नेशियस याच घरात १४९१ मध्ये जन्मले. लोयोलाला त्यांचं घर अजून उभं आहे, खाली दगडी, वर विटांचं, आणि दारावर दगडात कोरलेले हे लांडगे. लोयोलांचा ओन्याझ घराण्याशीही संबंध, त्यांच्या ढालीवर सोनेरी जमिनीवर सात लाल तिरपे पट्टे, काही शाळा तेही लावतात.

दुसरा अर्थ जेझुइट शाळांमध्ये नेहमी सांगतात तो असा की या घराचा हात एवढा सढळ होता की सैनिक, नोकर सगळे जेवून उरलेलं रानातल्या लांडग्यांनाही पुरायचं. न्यू ऑर्लिन्सच्या लोयोला विद्यापीठाच्या मुद्रेत लांडगे, हंडा आणि पेलिकन तिन्ही आहेत, आणि त्यांच्या खेळाडूंच्या संघाचं नाव 'लांडग्यांचा कळप'. तेव्हा शेवंती, तुझ्या बाबांचा बिल्ला एकटा नाही.

धुळाक्षर
लोबो इ ओया!! आमच्या घरी आता सगळे हेच म्हणत फिरतायत.

अनवट
म्हणजे शब्दकोटीच निघाली. आणि औदार्याची गोष्ट मागाहून.

खडूफळा
मागाहून आली म्हणून खोटी ठरते का? मी वीस वर्षं शिकवतेय. मुलांना चिन्ह दिलं की ती त्यात काहीतरी भरतातच. आपण काही सांगितलं नाही तर रिकामं राहत नाही, भलतंच भरलं जातं. हंडा उरेपर्यंत वाढा, ही गोष्ट मुलाच्या हाती आली तर मला आनंदच आहे. उगम कोटीत आहे हेही त्याच तासाला सांगावं, मुलांना दोन्ही आवडतं.

शेवंतीच्या बाबांची ओळ वाचून मला गलबलून आलं. दहा वर्षं छातीवर, आणि एकाही शिक्षकाने पाच मिनिटं काढली नाहीत.

रानजाई
मला एक प्रश्न खूप दिवस आहे आणि तो इथे विचारायला योग्य वाटतो. पाम्प्लोनाच्या लढाईत १५२१ मध्ये तोफेच्या गोळ्याने इग्नेशियस यांचा पाय मोडला, याच घरात ते महिनोन्महिने पडून होते आणि तिथे मन पालटलं. पुढच्या वर्षी माँटसेरातच्या मठात त्यांनी तलवार मरियामातेच्या मूर्तीपुढे ठेवून दिली, अंगावरचे भारी कपडे एका गरिबाला दिले. म्हणजे माणसाने घराणं, हुद्दा, शस्त्र सगळं टाकलं. आणि शाळांनी त्याच घराण्याची ढाल उचलून मुलांच्या छातीवर लावली? मला हे खुपतं. अनवट यांच्यासारखं मी चिन्ह निरर्थक आहे म्हणत नाहीये, उलट अर्थ आहे म्हणूनच खुपतं.

मध्यमवर्गी
रानजाई, अगदी नेमकं बोट ठेवलंत. जेझुइट संघाच्या शिक्क्यावर लांडगे नाहीत, फक्त येशूचं नाव आहे. लांडगे शाळा-कॉलेजांनी संस्थापकाच्या आठवणीसाठी घेतले. तरी तुमचा प्रश्न उरतोच.

टिपूर
मी डिझायनर आहे, या धाग्यावर यायला जरा उशीर झाला. एका शाळेने (नाव नको) मला त्यांचं चिन्ह 'मोबाईलवर नीट दिसेल' असं करून द्यायला सांगितलं होतं. त्यातही पेलिकन होता. छोट्या आकारात पिल्लं म्हणजे नुसते ठिपके दिसत होते, मी ती काढली, मग थेंबही काढले, मान सरळ केली. चिन्ह फार सुबक झालं आणि सगळ्यांना आवडलं. पाखरूताईंचा प्रतिसाद वाचताना पोटात गोळा आला. पिल्लं आणि रक्त काढल्यावर जे उरलं तो फक्त मान वळवलेला पक्षी होता. मी ढालीतलं क्रियापद खोडलं.

कालच त्यांना पत्र लिहिलंय की पैसे नकोत, पण पिल्लं परत घालू द्या.

खडूफळा
टिपूर, पत्राचं उत्तर आलं की इथे नक्की कळव गं.

वाटसरू
अवांतर: चर्चमधल्या लोकांच्या ढालींवर शिरस्त्राणाच्या जागी टोपी असते ना, दोन्ही बाजूंना गोंडे लोंबणारी? त्याचं काही गणित आहे का?

नीरक्षीर
आहे की. गोंडे मोजायचे. बिशपला दर बाजूला सहा, आर्चबिशपला दहा, दोघांची टोपी हिरवी. कार्डिनलला पंधरा आणि टोपी लाल. शाळेच्या ढालीवर ही टोपी नसते कारण ती पदाची खूण, संस्थेची नव्हे.

अनवट
मला रानजाईंच्या प्रश्नाचं उत्तर हवंय. गोंडे नंतर मोजू.

नीरक्षीर
उत्तर मांडणीत आहे असं मला वाटतं, आणि यासाठी शेवंतीच्या पहिल्या पोस्टकडे परत जाऊ.

ढाल बघताना डावं-उजवं आपलं धरायचं नाही, ढाल धरणाऱ्याचं धरायचं. तो ढालीमागे उभा आहे. म्हणजे शेवंतीला डावीकडे दिसणारा पेलिकन धरणाऱ्याच्या उजव्या हाताला आहे, आणि उजवी बाजू मानाची. सगळ्यात मानाची जागा वरचा आडवा पट्टा. त्याला नावच 'चीफ'. आता क्रम लावा. सगळ्यात वर येशूचं नाव. त्याखाली मानाच्या बाजूला स्वतःचं रक्त देणारा पक्षी. आणि उरलेल्या बाजूला लोयोला घराणं. मूळ घराण्याच्या ढालीवर लांडगे अख्खी जागा व्यापून बसायचे, इथे ते नावाच्या खाली आणि पेलिकनच्या नंतर आलेत. रानजाई, मला तर यात तलवार ठेवून दिलेलीच दिसते. घराणं पुसलं नाही, वाकवलं.

रानजाई
नीरक्षीरकाका, हे तीनदा वाचलं. नाव वर, घराणं खाली. खुपणं पूर्ण गेलं असं म्हणणार नाही, पण आता बघताना वेगळं दिसेल.

अनवट
मांडणीत अर्थ असतो हे मान्य करतो. सुट्या चित्रांपेक्षा हे मला जास्त पटलं. रंगांबद्दल मात्र मी ठाम आहे, आणि इथे तर रंगच नाहीत, त्यामुळे वादही नाही.

नीरक्षीर
थांबा थांबा. रंग आहेत! शेवंतीने दुसऱ्याच प्रतिसादात सांगितलं आणि मी आत्ता लक्ष दिलं. शेवंती, त्या रेघा ओरखडे नाहीत गं.

छापील पुस्तकात आणि धातूवर रंग दाखवता येत नाहीत, म्हणून रेघांची खूणभाषा झाली. उभ्या रेघा म्हणजे लाल. आडव्या म्हणजे निळा. टिंबं म्हणजे सोनं. गुळगुळीत सोडलं तर चांदी. उभ्या-आडव्या एकमेकींवर, जाळीसारख्या, म्हणजे काळा. आपल्या डावीकडून वरून उजवीकडे खाली तिरप्या उतरल्या तर हिरवा. ही पद्धत ज्याच्या पुस्तकामुळे सगळीकडे पसरली त्याचं नाव सिल्व्हेस्टर पेट्रा सांक्ता, साल १६३८. आणि तो स्वतः जेझुइट होता.

सूर्य, पक्षी आणि लांडगे यांच्या अंगावर काय आहे ते भिंगाने बघून सांग. फक्त मागची जमीन नको, आकृतीही.

पाखरू
अंगावर काटा आला.

वाटसरू
शेवंतीताई कुठे गेल्या? मी सकाळपासून पान रिफ्रेश करतोय.

शेवंती
आले आले. बिल्ला आधी लिंबू लावून घासला, मग खिडकीपाशी बसून भिंगातून बघितला, एक तास गेला, बाबा शेजारी टॉर्च धरून.

वरचा पट्टा आडव्या रेघा, निळा. सूर्यावर आणि किरणांवर सुईच्या टोकाएवढी टिंबं आहेत, किरणांच्या टोकांना झिजलीत पण मधे स्पष्ट. सोनं. पक्ष्यामागे उभ्या रेघा, लाल, पक्षी स्वतः गुळगुळीत, म्हणजे चांदीचा, म्हणजे पांढरा. आणि लांडग्यांच्या अंगावर जाळी! मी ती केस समजत होते. काळे लांडगे, मागे चांदी. हंडाही जाळीचा.

बाबांना एकेक वाचून दाखवत होते. पक्ष्यामागे लाल म्हटल्यावर ते एकदम म्हणाले, हो, हो, हॉलच्या मोठ्या काचेत पक्ष्यामागे लाल होतं, दुपारी ते लाल जमिनीवर पडायचं, परीक्षेच्या वेळी माझ्या बाकावर यायचं. एवढी वर्षं आठवलं नव्हतं. मग त्यांनीच बिल्ला हातात घेतला आणि रेघांवरून नख फिरवत बसले.

अनवट
शेवंती, अभिनंदन. एक बघा, निळ्यावर सोनं, लालवर चांदी, चांदीवर काळा. सोनं-चांदी हे धातू, बाकीचे रंग; धातूवर धातू नाही, रंगावर रंग नाही. हेराल्ड्रीचा सगळ्यात जुना नियम आहे हा, लांबून दिसावं म्हणून. ज्याने काढली त्याला काम येत होतं.

टिपूर
शाळेचं उत्तर आलं. पिल्लं परत घालणार. आकार कितीही लहान असला तरी एक तरी थेंब ठेवते.

खडूफळा
शाब्बास!

शेवंती
टिपूर, किती छान! मी आता ही ढाल कागदावर मोठी काढून रंगवतेय, बाबांच्या खोलीत लावायला. पेन्सिलने काढून झाली. एक अडलंय, लांडग्यांच्या जिभा बाहेर आहेत, एवढ्या बारीक की त्यांच्यावर रेघा दिसत नाहीत. कुठला रंग देऊ?

नीरक्षीर
लाल. वेगळं काही सांगितलेलं नसेल तर प्राण्याची जीभ लालच धरतात. प्राणी किंवा मागची जमीन लाल असती तर निळी केली असती. तुझे लांडगे काळे आणि जमीन चांदी, तेव्हा बिनधास्त लाल दे.